आजीबाई आणि मावशी : परदेशी विद्यार्थिनींच्या ख्रिस्ती आतिथ्याचे दोन पत्रव्यवहार

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिक्षणासाठी समुद्रापार गेलेल्या महाराष्ट्रीय स्त्रियांचा विचार मराठीत प्रामुख्याने दोन अंगांनी झालेला आहे. एक अंग धाडसाचे आणि दुसरे धर्माचे. डॉ. आनंदीबाई जोशी (१८६५-१८८७) हिंदू म्हणून गेल्या व हिंदू म्हणूनच परतल्या. पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांनी इंग्लंडला पोहोचल्यावर काही महिन्यांतच बाप्तिस्मा घेतला. ही तुलना इतक्या वेळा मांडली गेली आहे, की तिच्या आधारे एकीला निष्ठेचे आणि दुसरीला त्यागाचे किंवा विश्वासघाताचे प्रमाणपत्र देण्याची सवयच मराठी समीक्षेला जडलेली दिसते. या दोघी त्या काळी सर्वप्रथम परक्या देशातील विद्यार्थिनी होत्या, त्यांना राहायला जागा, मानवेल असे अन्न, थंडीपासून संरक्षण आणि बोलायला माणूस हवे होते, आणि हे सर्व त्यांना ख्रिस्ती यजमानांकडून मिळाले, ही साधी गोष्ट त्या हिशेबात मागे पडते.

प्रस्तुत लेखात या दोघींच्या पत्रव्यवहाराचा विचार आतिथ्याचे दस्तऐवज म्हणून केला आहे. परदेशी विद्यार्थ्यांची सेवा हे पुढे विसाव्या शतकात ख्रिस्ती विद्यार्थी-चळवळींचे एक संघटित कार्यक्षेत्र बनले. त्या कार्यातील मूळ पेच मात्र या पत्रांत आधीच पूर्णपणे उघडा पडलेला आहे. श्रद्धा हे सेवेचे कारण असू शकते. ती सेवेची अट होते तेव्हा नेमके काय बदलते, असा तो पेच आहे. वाशी, नेरूळ, खारघर या नवी मुंबईच्या शैक्षणिक पट्ट्यातील महाविद्यालये आज स्वतःच दूरदेशीच्या विद्यार्थ्यांचे यजमानपद घेऊ पाहत आहेत. अशा वेळी महाराष्ट्राच्या मुली जेव्हा पाहुण्या होत्या, तेव्हाचे त्यांचे म्हणणे काय होते हे पुन्हा वाचणे अप्रस्तुत ठरणार नाही.

नकाराचे पत्र आणि एक अनोळखी वाचक

आनंदीबाईंच्या अमेरिकाप्रवासाची सुरुवात एका नकारापासून होते. पोस्ट खात्यात नोकरीस असलेल्या गोपाळराव जोशी यांनी १८७८ मध्ये पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकेत काही सोय व्हावी म्हणून मिशनरी मंडळींकडे विचारणा केली. हे पत्र रॉयल वाइल्डर यांच्यापर्यंत पोहोचले. वाइल्डर यांनी कोल्हापुरात दीर्घकाळ मिशनरी कार्य केले होते आणि मायदेशी परतल्यावर ‘मिशनरी रिव्ह्यू’ हे नियतकालिक ते चालवीत होते. त्यांनी पत्र छापले आणि उत्तरही छापले. धर्मांतराची तयारी नसेल तर मदतीची अपेक्षा धरू नये, असा त्या उत्तराचा आशय होता. गोपाळरावांच्या स्वभावातील विक्षिप्तपणाबद्दल मराठी चरित्रकारांनी पुष्कळ लिहिले आहे. परंतु या एका प्रसंगी त्यांनी विचारलेला प्रश्न सरळ होता, आणि त्याला मिळालेले उत्तरही तितकेच सरळ होते.

पुढे जे घडले ते वाइल्डर यांच्या हिशेबाबाहेरचे होते. न्यू जर्सी राज्यातील रोझेल या गावी राहणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या हाती दंतवैद्याच्या प्रतीक्षागृहात या मासिकाचा जुना अंक पडला. त्यातील पत्रव्यवहार वाचून त्यांनी थेट आनंदीबाईंना पत्र लिहिले आणि १८८० पासून दोघींचा पत्रसंवाद सुरू झाला. कार्पेंटरबाई श्रद्धावान ख्रिस्ती होत्या, कोणत्याही मिशनच्या नोकरीत मात्र नव्हत्या. त्यांना कोणाला अहवाल पाठवायचा नव्हता, देणगीदारांपुढे बाप्तिस्म्यांची संख्या मांडायची नव्हती. जून १८८३ मध्ये आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा त्यांना उतरून घ्यायला याच बाई आल्या होत्या. महाविद्यालय सुरू होईपर्यंतचा उन्हाळा आनंदीबाईंनी त्यांच्याच घरी काढला. तीन वर्षे पत्रांतून जुळलेले नाते आता एका घराच्या रोजच्या व्यवहारात उतरले.

येथे इतिहासाच्या एका गमतीची नोंद करायला हवी. याच वाइल्डर यांचा १८६३ मध्ये कोल्हापुरात जन्मलेला मुलगा रॉबर्ट वाइल्डर हा १८८६ मध्ये अमेरिकेत उभ्या राहिलेल्या विद्यार्थी स्वयंसेवक चळवळीच्या प्रमुख प्रवर्तकांपैकी एक. आनंदीबाईंना पदवी मिळाली तेच हे वर्ष. त्या चळवळीतून पुढे आलेल्या जॉन मॉट यांच्या पुढाकाराने १९११ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांशी मैत्रीसंबंध जोडण्यासाठी एक स्वतंत्र समिती स्थापन झाली. बंदरावर उतरणाऱ्या विद्यार्थ्याला भेटणे, त्याला राहण्याची जागा शोधून देणे, एखाद्या कुटुंबाशी त्याची ओळख करून देणे हे त्या समितीचे काम होते. म्हणजे पित्याने ज्या पत्राला नकार दिला त्या पत्रातील मागणी पुत्राच्या पिढीने कार्यक्रम म्हणून स्वीकारली. रोझेलच्या एका गृहिणीने तो कार्यक्रम कोणत्याही समितीशिवाय जवळजवळ तीन दशके आधी अमलात आणला होता.

‘मावशी’ या शब्दाची किंमत

आनंदीबाई इंग्रजी पत्रांत कार्पेंटरबाईंना ‘आंट’ म्हणतात. इंग्रजीत या एका शब्दात मावशी, आत्या, काकू, मामी या सगळ्याच सामावतात. मराठी परंपरेने त्यातून ‘मावशी’ निवडली, आणि ती निवड अर्थपूर्ण आहे. आत्या आणि काकू सासर-माहेरच्या हक्क-कर्तव्यांत बांधलेल्या असतात. मावशी ही आईच्या जागी उभी राहू शकणारी, पण आईचा अधिकार न गाजवणारी. श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) या कादंबरीने ही मावशी मराठी घराघरांत नेली.

या चित्रात तथ्य आहे. सेरामपूरच्या बाप्टिस्ट महाविद्यालयाच्या सभागृहात २४ फेब्रुवारी १८८३ रोजी केलेल्या भाषणात आनंदीबाईंनी आपण हिंदू म्हणूनच जाणार व परतणार असे जाहीर केले होते. ही घोषणा मिशनऱ्यांनीच उभारलेल्या वास्तूत झाली, हे विशेष. या निर्धाराचा मान रोझेलमध्ये राखला गेला. कार्पेंटर कुटुंबाने त्यांच्या शाकाहाराला किंवा कुंकवाला हरकत घेतल्याचे दिसत नाही. फिलाडेल्फियातील स्त्री-वैद्यक महाविद्यालयाच्या अधिष्ठाता रेचेल बॉडले यांचे वर्तनही याच धाटणीचे होते. वास्तविक हे महाविद्यालय वैद्यकीय मिशनचे मोठे प्रशिक्षणकेंद्र होते. बरेलीस येऊन कार्य करणाऱ्या डॉ. क्लारा स्वेन या तेथील १८६९ च्या पदवीधर. तरीही बॉडले यांनी एका हिंदू विद्यार्थिनीला तिच्या अटींवर सामावून घेतले. ऑक्टोबर १८८५ मधील प्रसिद्ध छायाचित्रात आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली या तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात दिसतात. परदेशी विद्यार्थिनींचे असे छायाचित्र काढण्यात संस्थेच्या प्रदर्शनाचा हेतू नव्हता असे कोणी म्हणणार नाही. पण पोशाख ज्याचा त्याचा आहे.

तथापि, मावशीच्या या चित्रात मराठी चरित्रलेखनाने एक बाजू झाकली आहे, आणि तिची चर्चा अधिक व्हायला हवी. ज्या यजमानाने काहीच मागितले नाही त्याच्याकडे तक्रार करणे पाहुण्याला सर्वांत अवघड जाते. फिलाडेल्फियातील आनंदीबाईंची राहण्याची खोली थंड होती, शेकोटी धूर कोंडणारी होती. म्हणजे थंडी किंवा धूर यांतून एक निवडायचे होते. अन्नाची आबाळ होती. प्रकृती उत्तरोत्तर खालावत गेली. अंजली कीर्तने यांच्या ‘डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व’ (१९९७) या परिश्रमपूर्वक लिहिलेल्या चरित्रामुळे या दिवसांचे तपशील मराठी वाचकापुढे आले. पत्रांतील आनंदीबाई मात्र हे सोसणे बहुधा कृतज्ञतेच्या वेष्टनात गुंडाळून ठेवतात. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला आपण कोणावर भार होऊ नये असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रश्न असा, की ज्या आतिथ्यात भांडायला जागा नाही ते आतिथ्य पूर्ण म्हणावे काय?

वाँटेज : भांडणारी पाहुणी

या प्रश्नाचे उत्तर वाँटेजच्या पत्रव्यवहारात शोधावे लागते. पुण्यात कार्य करणाऱ्या सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाच्या ओळखीतून रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. सोबत दोन वर्षांची मनोरमा आणि आनंदीबाई भगत होत्या. हेतू वैद्यक शिकण्याचा होता. ‘स्त्रीधर्मनीति’ या १८८२ मधील पुस्तकाच्या उत्पन्नातून प्रवासखर्च उभा केला गेला, हे त्यांच्या स्वाभिमानाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगे आहे. वाँटेजला पोहोचल्यावर थोड्याच काळात आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. रमाबाईंची श्रवणशक्ती क्षीण असल्याने वैद्यकाचा बेत मोडला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. या घटनांचा क्रम पाहता त्या बाप्तिस्म्यामागे दुःख, एकाकीपण, ऋणभाव आणि स्वतंत्र चिंतन यांपैकी कशाचा किती वाटा होता हे तराजूत तोलता येणार नाही. तो तोलण्याचा आग्रह अनेकांनी धरला. त्यातून रमाबाईंपेक्षा त्या त्या लेखकाचीच ओळख अधिक होते.

खरी उल्लेखनीय गोष्ट पुढची आहे. बाप्तिस्मा झाल्यावर यजमान आणि पाहुणी यांच्यातील प्रश्न मिटायला हवे होते. ते तेव्हाच सुरू झाले. धर्म-माता सिस्टर जेराल्डिन यांना रमाबाई पत्रांत प्रेमाने ‘आजीबाई’ म्हणतात आणि त्याच पत्रांत त्यांच्याशी कडाडून वाद घालतात. वादाचे विषय पाहिले तर वरवर ते क्षुल्लक वाटतील. रमाबाई मांस खात नाहीत, अंडी घातलेले पदार्थ टाळतात. जेराल्डिन यांना त्यात जातीचा अहंकार शिल्लक असल्याचे दिसते. यावर रमाबाईंचा प्रतिवाद असा आहे, की एखादी इंग्रज स्त्री हिंदूंमध्ये राहायला गेली आणि कोणाला त्रास न देणाऱ्या आपल्या सवयी तिने सोडल्या नाहीत, तर तिला कोणी गर्विष्ठ म्हणेल काय? धारण करावयाच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे असावीत की संस्कृत, यावरही मतभेद झाला. आपल्या देशबांधवांना लॅटिन तितकेच परके आहे जितके इंग्रजाला संस्कृत, आणि देवाला दोन्ही भाषा सारख्याच, अशी त्यांची भूमिका होती. एखाद्या व्यक्तीने दुसऱ्याची श्रद्धा स्वीकारली म्हणजे तिने त्याची स्वयंपाकघरातील पद्धत आणि लिपीही स्वीकारली, हे गृहीतक रमाबाईंनी या दोन छोट्या मुद्द्यांवर मोडून काढले आहे. मराठी ख्रिस्ती समाजाच्या सांस्कृतिक आत्मभानाचा इतिहास लिहायचा तर या पत्रांना अग्रस्थान द्यावे लागेल. नारायण वामन टिळकांचे कार्य त्यानंतरचे.

१८८४ पासून रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात होत्या. तेथे त्यांनी संस्कृतच्या अध्यापनातून आपला भार हलका करावा असे ठरत असता, हिंदी स्त्रीने पुरुषांना शिकवणे स्वदेशी तिच्या प्रतिमेस बाधक ठरेल अशी हरकत मुंबई व लाहोर येथील बिशपांनी घेतली. यावरचे रमाबाईंचे उत्तर या संग्रहातील सर्वांत तेजस्वी भाग होय. विचार करण्याची शक्ती आणि स्वतःचा निर्णय हे देवाने आपल्याला दिलेले आहेत. ते अनोळखी बिशपांच्या स्वाधीन करण्यासाठी आपण स्वदेशातील पुरोहितांची सत्ता झुगारली नाही, असा त्याचा मथितार्थ आहे. महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील यांची पत्रे याच संग्रहात आहेत आणि ती तुलनेसाठी उपयुक्त आहेत. बील यांचीही श्रद्धा दृढ होती. परंतु त्रैक्याच्या सिद्धांताविषयी रमाबाईंना पडलेल्या शंका त्यांनी बंड मानल्या नाहीत; त्यांना तत्त्वचर्चेचा विषय मानून त्या त्यांच्यासोबत वाचीत राहिल्या आणि भगिनींनाही धीर धरण्यास सांगत राहिल्या. शिक्षक आणि धर्मगुरू यांच्या वृत्तीतील भेद येथे एकाच पत्रसंग्रहात शेजारी शेजारी पाहायला मिळतो.

जेराल्डिन यांना केवळ हेकट ठरवणे मात्र अन्यायाचे होईल. त्यांनी या विद्यार्थिनीचा आणि तिच्या लहान मुलीचा सांभाळ केला, वर्षानुवर्षे तिची टोकदार पत्रे स्वीकारली, आणि मुख्य म्हणजे ती फाडली नाहीत. नात्याला हे भांडण पेलवेल अशी खात्री असल्याशिवाय रमाबाई इतक्या मोकळेपणाने लिहित्या ना. आजीबाईशी नातीने भांडावे तसेच हे भांडण आहे. रोझेलमध्ये अट नव्हती म्हणून वाद नव्हता. वाँटेजमध्ये अपेक्षांचे ओझे होते म्हणून वाद झाला, आणि त्या वादात पाहुणीचा आवाज आज आपल्याला ऐकू येतो. कौतुकाने वाचल्या जाणाऱ्या आनंदीबाईंच्या पत्रांत तो आवाज इतका स्पष्ट ऐकू येत नाही.

संग्रह कोणाच्या हातचा

या फरकाला आणखी एक कारण आहे आणि त्याकडे मराठी अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. रमाबाईंची पत्रे यजमानांनी जपली. जेराल्डिन यांनी ती संकलित केली, त्यांवर आपली टिपणे जोडली, आणि ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली ती १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाकडून ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. साहजिकच या ग्रंथात दोन आवाज एकमेकांवर चढलेले आहेत. टिपणांत जेराल्डिन रमाबाईंच्या ‘हट्टा’चे कारण सांगू पाहतात; खालचे पत्र त्या कारणाला जुमानत नाही. आपली बाजू पटवण्यासाठी रचलेला संग्रहच प्रतिपक्षाचा उत्तम पुरावा ठरावा, असे उदाहरण मराठी संशोधनाच्या कक्षेत दुसरे सहज आढळणार नाही.

आनंदीबाईंच्या पत्रांचा प्रवास वेगळा आहे. कॅरोलिन हीली डॉल यांनी १८८८ मध्ये बॉस्टन येथून त्यांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले आणि पाठोपाठ काशीबाई कानिटकर यांनी मराठीत ‘चरित्र व पत्रे’ सिद्ध केले. मृत स्त्रीचे स्मारक उभारणे हे दोन्ही लेखिकांचे उद्दिष्ट होते. काशीबाईंच्या ग्रंथाचे मोल थोर आहे. एका मराठी स्त्रीने दुसऱ्या मराठी स्त्रीचे विस्तृत चरित्र लिहिण्याचा तो आरंभकाळ. तरी स्मारकात तक्रारीला जागा नसते. सनातनी वाचकाला आनंदीबाईंची हिंदू निष्ठा पटवून देण्याचे जादा काम त्या ग्रंथावर होते, आणि त्यामुळे धर्मांतर टळले ही बाब केंद्रस्थानी येऊन बसली. मीरा कोसंबी यांच्या इंग्रजी लेखनाने हा तोल बराच सावरला. मराठीत मात्र अद्याप ‘आनंदी गोपाळ’चाच प्रभाव टिकून आहे, आणि २०१९ मधील त्याच नावाच्या चित्रपटाने तो अधिक गडद केला.

चहा आणि दार

मार्च १८८६ मध्ये आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या. दोघी दूरच्या नात्यातल्या. बॉडले यांच्या निमंत्रणावरून केलेला हा दौरा काही काळापुरता ठरला होता. प्रत्यक्षात रमाबाई जवळजवळ तीन वर्षे अमेरिकेत राहिल्या. ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ (१८८७) या ग्रंथाला बॉडले यांचीच प्रस्तावना आहे आणि तो आनंदीबाईंच्या स्मृतीशी जोडलेला आहे. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात आनंदीबाईंचे निधन झाले. त्यांची रक्षा गोपाळरावांनी अमेरिकेस पाठवली आणि कार्पेंटर कुटुंबाच्या पोकीप्सी येथील दफनभूमीत ती ठेवली गेली.

गोपाळरावांचे नाव पुढे आणखी एका आतिथ्यप्रसंगात येते. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये, म्हणजे वाँटेजच्या भगिनी जेथे कार्यरत होत्या त्याच मिशनच्या आवारात, शहरातील प्रतिष्ठित मंडळींना बोलावून चहा-बिस्किटे पुढे करण्यात आली. नंतर गोपाळरावांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापून आणली आणि पुण्यात प्रायश्चित्ताचा गदारोळ उडाला. ख्रिस्ती यजमानाचा चहा घेणे म्हणजे काय, याचा निकाल येथे ग्रामण्याने लावला. मिशनरी वाइल्डर यांना मदतीआधी धर्मांतर हवे होते. पुण्याच्या शास्त्रीमंडळींना चहानंतर प्रायश्चित्त हवे होते. दोन्ही पक्षांना आतिथ्य हा निव्वळ आतिथ्य म्हणून समजणे जमले नाही. गोपाळरावांनी मात्र दोन्ही पक्षांची परीक्षा घेतली, एवढे श्रेय त्यांच्या खोडकरपणाला द्यायला हवे.

दरम्यान रमाबाई स्वतः यजमान झाल्या होत्या. बॉस्टनच्या साहाय्यक मंडळाच्या पाठिंब्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढे ते पुण्यास हलले. सदनात विधवा मुलींना शिक्षण मिळेल, धर्माचे बंधन घातले जाणार नाही, असे आश्वासन होते. वाँटेजच्या जेवणाच्या टेबलावर जे रमाबाईंनी स्वतःसाठी मागितले होते तेच त्या आता मुलींना देऊ करीत होत्या: निराळा स्वयंपाक, स्वतःचे व्रतवैकल्य, स्वतःचा देव. पण त्या स्वतः प्रार्थना करीत तेव्हा खोलीचे दार बंद करीत नसत, आणि काही मुली तेथे येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये यावरून वाद पेटला. न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले व काही पालकांनी मुली काढून नेल्या. आपण कोणाला बोलावत नाही आणि कोणाला हाकलणारही नाही, अशी रमाबाईंची भूमिका राहिली. तिच्यात प्रामाणिकपणा होता. परंतु जिला दुसरा आसराच नाही अशा मुलीसाठी उघडे दार हे निमंत्रणापेक्षा फार वेगळे असते काय, ही रानडे-भांडारकरांची शंकाही पोकळ नव्हती. आणि वाँटेजच्या पत्रांची लेखिका ती समजू शकणार नाही असे मानायला जागा नाही.

शारदा सदनावरील टीकेच्या त्या दिवसांत जेराल्डिन यांच्याशी असलेला पत्रसंबंध तुटला नाही. मतभेद कायम राहिले, उपदेशही येत राहिला, आणि केडगावच्या मुक्तिसदनातून वाँटेजला जाणाऱ्या पत्रांत आजीबाई हा शब्दही राहिला.